अस्सल आणि नक्कल : दप्तर राखण्याची आणि परत मिळवण्याची कथा

पेशवाईतील एखादी इनामाची सनद उलगडून पाहिली, तर तिच्या शेवटच्या ओळींत एक सूचना बहुधा आढळतेच. कारकुनाने या पत्राची नक्कल दप्तरी उतरून घ्यावी, आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्यास परत द्यावे. दर वर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, अशा आशयाची ती सूचना असते. इतिहासाच्या अभ्यासकांच्या नजरेखालून हे वाक्य इतक्या वेळा जाते की पुढेपुढे ते वाचलेही जात नाही. आम्हांस मात्र या एका वाक्यात एक संपूर्ण व्यवस्था दिसते. सरकारने स्वतःजवळ नक्कल ठेवली आणि अस्सल रयतेच्या हाती दिले. दप्तर जळाले तर रयतेच्या पेटीतील कागदावरून ते पुन्हा उभे राहावे, आणि रयतेच्या घराला आग लागली तर दप्तरातील नकलेवरून तिचा हक्क शाबीत व्हावा. इनामाबद्दल एकच पत्र लिहून थांबतही नसत. एक इनामदारास, एक गावच्या मोकदमास, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आणि एक त्या प्रांतावरील अधिकाऱ्यास, अशी पत्रे निरनिराळी जात. एका हक्काची साक्ष चार ठिकाणी राहिली.

आज संगणकाच्या जगात ज्याला बॅकअप म्हणतात ती वस्तू हीच. आणि गेलेली माहिती त्या प्रतीवरून पुन्हा जागेवर आणणे, ज्याला रिस्टोअर म्हणतात, ती वस्तू म्हणजे जळालेले दप्तर इनामदाराच्या पेटीवरून पुन्हा लिहिणे. पहिली गोष्ट सोपी आणि दुसरी अवघड, हे त्या काळीही खरे होते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे : नक्कल करण्याची आणि ती परत वाचण्याची साधने सामान्य माणसाच्या हाती कशी आली, आणि कुठे यायची राहिली.

आपल्या भागापासूनच प्रारंभ करू. पालघर, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा सारा किनारा दोनशे वर्षांच्या आसपास पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, आणि १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला. बाजी भिवराव रेठरेकर त्या लढाईत पडले. मे महिन्यात वसई आली आणि उत्तर कोकणातील फिरंगी राज्य संपले. अशा वेळी राज्याबरोबर त्याचे दप्तरही बुडायचे. पण या किनाऱ्यावरील गावांचे वसूल काय होते, कोणते ठाणे किती उत्पन्न देत होते, हे आज आपण वाचू शकतो. सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानच्या महसुलाचे जे बाड तयार केले, त्यात वसई प्रांताचा हिशेब आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकात लिस्बनमध्ये छापले गेले.

हे कागद वाचले याचे कारण पोर्तुगीजांची समुद्रावरची सवय. गोव्याहून लिस्बनला पत्र धाडायचे, तर जहाज बुडण्याची भीती नेहमीची. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करीत आणि त्या निरनिराळ्या जहाजांवरून पाठवीत. एक जहाज आफ्रिकेच्या टोकाशी फुटले तरी दुसरे पोहोचे. प्रत्येक प्रतीवर ती पहिल्या वाटेची की दुसऱ्या वाटेची, हे लिहिलेले असे. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु दु कोतु या इतिहासकाराकडे त्याची व्यवस्था आली. तेव्हा तारापूरचा कोट पडला तरी तारापूरची नोंद गोव्यास आणि लिस्बनला शिल्लक राहिली. एक प्रत दूर असावी, हा नियम आजचे संगणकतज्ज्ञ मोठ्या आग्रहाने सांगतात. तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी, असे त्यांचे सूत्र आहे. पीटर क्रोघ नावाच्या एका छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास ते लोकप्रिय केले. जहाजावरच्या फिरंगी कारकुनाला ते ऐकून नवल वाटले नसते.

मराठ्यांच्या दप्तराची कथा इतकी सुखाची नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि शिवकालीन राजदप्तर बहुतेक नष्ट झाले. म्हणूनच शिवचरित्राच्या अभ्यासकाला देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या आणि मठांच्या घरी उरलेल्या पत्रांवर अवलंबून राहावे लागते. म्हणजे शिवकालाचे जे काही दप्तर आज आपल्याजवळ आहे, ते पुष्कळसे रयतेकडून परत मिळवलेले आहे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, माळ्यावरची गाठोडी सोडवून, जे बावीस खंड काढले ते दुसरे काय होते? पहिला खंड १८९८ चा. सरकारी प्रत गेली असता घरोघरीच्या प्रतींवरून राज्याचा इतिहास पुन्हा लिहिण्याचा तो उद्योग होता, आणि तो एका माणसाने जवळजवळ पदरमोड करून केला.

पेशव्यांचे दप्तर वाचले ते मात्र इंग्रजांच्या गरजेमुळे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि इनामदारांच्या सनदा खऱ्या की खोट्या याची छाननी सुरू झाली. ती करायची तर दप्तरातील नक्कल हवी. पुण्याच्या पेशवे दप्तरात तीस हजारांहून अधिक रुमाल राहिले, ते मुख्यतः त्या छाननीसाठी. नक्कल ठेवणे हे नेहमी रयतेच्या भल्यासाठीच असते, असे कोणी समजू नये. ज्याच्या ताब्यात नक्कल त्याच्या ताब्यात निकाल. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले, तेव्हा कुठे हे दप्तर लोकांचे झाले.

या ठिकाणी आम्हांस १२ मे १८७५ ची आठवण होते. त्या दिवशी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना धान्यापेक्षा, पैशापेक्षा हवे होते ते कर्जरोखे. रोखे मिळाले तेथे ते जाळले गेले, आणि पुष्कळ गावी रोखे मिळताच जमाव पांगला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंग्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण रोख्याची प्रत एकच होती आणि ती सावकाराच्या पेटीत होती, ही गोष्ट लक्षात घेतल्याखेरीज त्या आगीचा अर्थ लागत नाही. शेतकऱ्याजवळ स्वतःच्या कर्जाची नोंदच नव्हती. किती घेतले, किती फेडले, हे सावकाराच्या वहीत लिहिलेले, आणि वही त्याला वाचता येत नव्हती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने यावर जो इलाज योजला तो पाहण्याजोगा आहे. गावोगाव निबंधक नेमावेत, दस्तऐवज त्यांच्या समक्ष लिहिले जावेत, ऋणकोला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा, पासबुक मागण्याचा हक्क असावा. थोडक्यात, कर्जदारालाही एक प्रत मिळावी.

आपल्या जिल्ह्यात तेही पोहोचले नाही म्हणावे लागेल. डहाणू-तलासरीकडचा वारली लग्नासाठी कर्ज काढी आणि त्यापायी सावकाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबे. त्याला लग्नगडी म्हणत. कागदावर त्याचा अंगठा असे. कागदात काय लिहिले आहे हे त्याला माहीत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठला, आणि वेठीची प्रथा मोडली. तिकडची पिढी आता संपत आली. पण कागद आपला नाही ही भीती त्या भागातून अद्याप पुरती गेलेली नाही, असा आमचा समज आहे.

ती जाण्यासाठी कायद्यानेही एक निराळी वाट काढली. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याखालील २००८ चे नियम यांनुसार, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. सरकारी कागद, पावत्या, नकाशे हे पुरावे आहेतच. पण दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसाचे लेखी नोंदवलेले निवेदन हेही पुराव्यात धरले आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडाकडे असे दावे पुष्कळ झाले. दप्तरात नोंद नसेल तर म्हाताऱ्याच्या स्मरणातून ती परत मिळवावी, असे कायदाच म्हणतो. गावातील म्हातारा मनुष्य ही आपली सर्वांत जुनी राखीव प्रत. दुर्दैव एवढेच की ती फार काळ टिकत नाही.

तारापूरच्या समुद्रकिनाऱ्यावर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून चालू झाले. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याला घर सोडावे लागते त्याला पहिल्यांदा कळते की आपल्याजवळ कागद कोणते आहेत आणि कोणते नाहीत. घरपट्टीची पावती, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, शाळेचा दाखला. यांतला एखादा हरवला तर त्याची प्रत कोणाकडे मिळेल, हा प्रश्न विस्थापिताच्या दृष्टीने भाकरीइतकाच जवळचा असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा वेगळा निघाला. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जाण्याचा हेलपाटा त्यामुळे वाचला.

प्रत असणे आणि ती वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा धडा महाराष्ट्राने नुकताच गिरवला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली. त्या वादाच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. गावचे नमुने, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरे, सारे जपून ठेवलेले होते, आणि पुष्कळसे मोडी लिपीत होते. मोडी वाचणारी माणसे मात्र थोडी. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडीच्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला. ज्या लिपीत आपले पणजोबा बाजारहाटाचे हिशेब लिहीत, ती लिपी वाचायला तज्ज्ञ आणावा लागावा! कागद सुरक्षित होता, पण तो वाचण्याची विद्या त्याच्याबरोबर जपली गेली नव्हती.

संगणकाच्या इतिहासात मोडीचा हा प्रसंग वारंवार येतो, फक्त तेथे पणजोबांपर्यंत जावे लागत नाही. पाचसात वर्षे पुरतात. १९८३ मध्ये डॉस या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅकअप आणि रिस्टोअर असे दोन हुकूम आले. घरगुती संगणक वापरणाऱ्याच्या हाती नक्कल करण्याचे साधन आले ते बहुधा तेव्हाच. फ्लॉपीमागून फ्लॉपी घालायची आणि क्रमांक टाकून ठेवायची. पण एका आवृत्तीने केलेली नक्कल दुसऱ्या आवृत्तीला वाचता येईना, असे पुष्कळांना अनुभवास आले. संगणक बिघडला म्हणून नवा घेतला, नव्यावर नवी आवृत्ती, आणि फ्लॉप्यांचा गठ्ठा मोडीच्या रुमालासारखा समोर पडलेला.

आता डेटाबेस म्हणजे काय, हे थोडे सांगावयास हवे. आमच्या श्रोत्यांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना ते आम्हांपेक्षा लवकर समजेल. दुकानदार व्यवहार होताच तो आधी कीर्दीत लिहितो, आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो. समजा, खतावणीला वाळवी लागली. तर दिवाळीच्या पाडव्याची शिल्लक घ्यावी, तेव्हापासूनची कीर्द उघडावी, आणि एकेक नोंद खाती घालीत यावे. खतावणी जशीच्या तशी उभी राहते. कालच्या संध्याकाळपर्यंतची हवी तर तेवढीच, आणि एखादी खोटी नोंद पडण्याच्या आधीपर्यंतची हवी तर तेथे थांबावे. डेटाबेसची रचना अगदी हीच आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये कोष्टकांच्या रूपातील डेटाबेसचा सिद्धान्त मांडला. त्यानंतर आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळांत, बदल करण्यापूर्वी तो आधी कीर्दीत लिहिला पाहिजे, हा नियम पक्का झाला. अपघातानंतर त्या कीर्दीवरून सर्व काही परत कसे उभे करावे, याची जी पद्धत १९९२ च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडली गेली, तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले. आज जगातील बहुतेक मोठे डेटाबेस या विचाराच्या आधारावर चालतात. मुनीमजींना मात्र कोणी निबंध लिहायला सांगितले नाही.

एक अडचण मात्र कीर्द-खतावणीपेक्षा मोठी आहे. दुकान रात्री बंद होते, तेव्हा नक्कल करता येते. डेटाबेस बंद होत नाही. समजा, एक कारकून खतावणीची नक्कल करतो आहे आणि मुनीम त्याच वेळी तीत लिहितो आहे. कारकुनाने पहिले पान उतरवले तेव्हा रामाच्या खात्यावर शंभर रुपये होते. तो चाळिसाव्या पानाशी आला तोवर मुनिमाने ते शंभर गोविंदाच्या खात्यावर नेले. नकलेत ते शंभर रुपये दोन्हीकडे दिसतात. नक्कल नीटनेटकी, अक्षर सुंदर, आणि हिशेब खोटा. एका क्षणाचे चित्र गोठवून तेवढ्याचीच नक्कल करण्याची युक्ती डेटाबेसवाल्यांनी शोधली. पण ती वापरायची तर आज्ञेत एक विशिष्ट शब्द घालावा लागतो, आणि तो ज्याला ठाऊक नाही त्याची नक्कल खोटी निघण्याचा संभव राहतो. सामान्य माणसाला हे कळण्याचा दिवस कोणता? नक्कल लागते तो.

१९९५ मध्ये मायएसक्यूएल आले आणि पुढच्या काही वर्षांत पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने यांच्या माहितीला डेटाबेसचा आसरा मिळू लागला. नक्कल करण्याच्या हत्याराला नाव मिळाले डम्प. इंग्रजीत हा शब्द कचरा ओतण्यालाही वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे नाव देणाऱ्यांच्या मनात सामान्य वापरणारा नव्हता हे उघड होते. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची, आणि एक भली मोठी मजकुराची फाइल तयार होते. १९९८ मध्ये टोबियास राट्शिलर याने पीएचपीमायअॅडमिन नावाचे साधन काढले आणि हेच काम ब्राउझरमधल्या बटणावर आले. आम्हांस ही मोठी क्रांती वाटते. हजारो संस्थांनी आयुष्यातली पहिली नक्कल त्या बटणाने काढली असेल. पण तेथेही एक गंमत होती. बाहेर काढण्याचे बटण पन्नास मेगाबाइटची फाइल खुशाल देई; आत घालण्याचे बटण, मूळ मांडणी न बदलल्यास, दोन मेगाबाइटच्या वरची फाइल घेईना! मर्यादा वाढवता येत असे. पण त्यासाठी सर्व्हरवरील एका फाइलमधील ओळ बदलावी लागे, आणि ते करू शकणारा मनुष्य कचेरीत असता तर त्याला बटणाची गरजच नव्हती. विहिरीत घागर सोडायला दोर दिला आणि ओढायला दिला नाही, अशातला हा प्रकार.

साधने करणारांचे लक्ष नक्कल करण्यावर खिळलेले असते आणि परत मिळवण्यावर नसते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. त्याला एक चांगला अपवाद सांगितला पाहिजे. २००७ च्या ऑक्टोबरात अॅपल कंपनीने टाइम मशीन नावाचे साधन दिले. त्यात वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोच फोल्डर काल कसा होता, गेल्या आठवड्यात कसा होता, असा मागे मागे जाताना दिसतो. पाहिजे त्या दिवसावर थांबून हरवलेली फाइल उचलायची. नक्कल कशी होते याचा विचारही करावा लागत नाही. साधन करणाराने प्रथम परत मिळवण्याचा पडदा रेखाटला आणि मग नकलेचा, असे ते पाहून वाटते. डेटाबेसच्या जगात असे अद्याप फार थोडे झाले आहे.

आणि ही चूक अडाण्यांकडूनच होते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जिच्याकडे जगभरचे संगणकतज्ज्ञ आपले काम ठेवतात, एका दमलेल्या तंत्रज्ञाने रात्री चुकीच्या यंत्रावरील डेटाबेस पुसला. मग नकला शोधू लागले. त्यांच्याकडे नक्कल करण्याच्या पाच तऱ्हा होत्या. रोजची डम्प आवृत्त्यांच्या तफावतीमुळे गुपचूप फसत होती, आणि ती फसल्याचे कळवणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अखेर दुसऱ्याच कामासाठी कोणी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर सारे उभे राहिले. त्या कंपनीने हा सर्व वृत्तान्त कोणाचे नाव न घेता जाहीर केला, याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिचे टर्मिनलही त्यात अडकले. कंपनीच्या मुख्य यादीच्या दीडशेच्या आसपास प्रती होत्या, पण त्या सर्व एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकदमच गेल्या. वाचली ती एकच, घाना देशातील कचेरीतली. विषाणू आला त्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून! पालघर-बोईसरकडे वीज गेल्यावर आपण ज्या भाषेत बोलतो, ती भाषा त्या दिवशी मर्स्कमध्ये कोणी वापरली नसावी.

२१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आपल्याला अधिक जवळची. चौथ्या मजल्यावर लागलेल्या आगीत माणसे दगावली, आणि असंख्य संचिका जळाल्या. नंतर त्या पुन्हा बांधण्याचे काम निघाले ते जिल्ह्यांच्या आणि दुय्यम कार्यालयांच्या प्रतींवरून. सनदेच्या शेवटच्या ओळीतील शहाणपणच पुन्हा उपयोगी पडले. याच्या उलट उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि सुमारे साडेसात लाख सरकारी नोकरांसाठी असलेला ८५८ टेराबाइटचा साठा नाहीसा झाला. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. साठा फार मोठा म्हणून प्रत ठेवता आली नाही, असे सांगण्यात आले. इतक्या प्रगत देशाचे हे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. फार मोठा म्हणून तर प्रत हवी!

आता बोईसरकडे वळू. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने दाट आहेत, आणि आगी-स्फोटांच्या बातम्या तेथून अधूनमधून येतच असतात. कंपन्यांच्या हिशेबाबाबत ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने नियम असा झाला की इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची नक्कल रोज, आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवली पाहिजे. पूर्वी ठरावीक काळाने ठेवली तरी चालत असे. नियम योग्यच आहे. पण छोट्या कारखान्यात तो पाळतो कोण? हिशेब लिहिणारी एक मुलगी असते, तिला टॅली येते, तिला डेटाबेस हा शब्द परका असतो. संध्याकाळी साडेसहाची गाडी पकडायची घाई असते. ती बॅकअप हा पर्याय दाबते, पेनड्राइव्ह काढते आणि तो त्याच टेबलाच्या खणात ठेवते. टेबलाला आग लागली तर दोन्ही जातील हे तिला कोणी सांगितलेले नाही. आणि त्या पेनड्राइव्हवरून हिशेब परत येतो का, हे तिने कधी पाहिलेले नाही, कारण पाहायला गेले तर चालू हिशेबावरच जुना हिशेब बसेल ही तिची भीती. भीती अनाठायी नाही. जुनी नक्कल चालू माहितीवर घालून महिन्याचे काम पुसणे, हा प्रकार या साधनांत सहज होण्यासारखा असतो.

तेव्हा साधन सोपे करायचे म्हणजे बटण मोठे करायचे असे नव्हे. या मुलीची भीती घालवायची. परत आणलेली माहिती आधी बाजूला, वेगळ्या नावाने उघडावी, आणि चालू माहितीला स्पर्श करू नये. शेवटची नक्कल कोणत्या तारखेची आहे आणि ती उघडून पाहिली तेव्हा किती नोंदी निघाल्या, हे साधनाने साध्या मराठीत समोर लिहावे. नक्कल फसली तर ओरडावे. मूग गिळून बसू नये. आणि नक्कल अशा रूपात असावी की दहा वर्षांनी तो प्रोग्राम बाजारात नसला तरी ती वाचता यावी. यांतील एकही गोष्ट शास्त्राला अशक्य नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेल्या एसक्यूलाइटमध्ये सबंध डेटाबेस एका फाइलीत मावतो, आणि आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये मुकाट्याने काम करतो आहे. राहिली आहे ती केवळ दृष्टी.

महाराष्ट्र सरकारने एकदा ही परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर घेतली, तिचा उल्लेख केल्याखेरीज विषय पुरा होत नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवून झाले. आणि नक्कल अस्सलाबरहुकूम आहे की नाही हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन ठरले. तलाठ्याने संगणकातील सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी ऐकायचा. गट क्रमांक, क्षेत्र, नाव. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ऐकता येत होते. कोणाच्या नावातील अक्षर बदललेले, कोणाचे क्षेत्र दशांशचिन्ह सरकल्यामुळे दहापट झालेले, कोणाच्या आईचे नावच गळलेले. सगळ्या गावी हे वाचन सारख्या कळकळीने झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेथे झाले तेथे चुका बाहेर आल्या, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदाराच्या आदेशाने त्या दुरुस्त करण्याची सोय होती. १ मे २०१८ पासून तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो आता पालघरचा शेतकरी घरी बसून काढू शकतो, आणि त्यात चूक दिसली तर दुरुस्तीसाठी अर्ज करू शकतो.